मुलाखत झाली, १२० दिवस उलटले: नागरिकत्वासाठी फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात स्वतः दावा कसा लावावा

अमेरिकेच्या नागरिकत्वाची मुलाखत होते, इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा पास होते, अधिकारी हातात एन-६५२ हा कागद देतो. त्यावर ‘अर्जावर निर्णय आत्ता देता येत नाही’ या ओळीपुढे खूण असते. पुढे महिने जातात. यूएससीआयएस, म्हणजे हे अर्ज हाताळणारं फेडरल खातं, त्याच्या फोनवर ‘अर्ज विचाराधीन आहे’ एवढंच उत्तर मिळतं. अशा अडकलेल्या अर्जासाठी कायद्यात नेमका उपाय आहे. कोर्टाच्या कागदांत त्याला ८ यूएससी १४४७(बी) म्हणतात. मुलाखतीपासून १२० दिवसांत निर्णय झाला नाही, तर अर्जदार जिथे राहतो तिथल्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टाकडे सुनावणी मागू शकतो. कोर्ट स्वतः निर्णय देऊ शकतं, किंवा सूचना देऊन अर्ज यूएससीआयएसकडे परत पाठवू शकतं.

हा दावा वकिलाशिवाय लावता येतो आणि अनेक जण लावतात. पण फसतात ते बहुतेक कायद्याच्या मुद्द्यावर फसत नाहीत. समन्सची बजावणी चुकते, पत्ता कळवायचा राहतो, किंवा ज्या न्यायाधीशांकडे केस गेली त्यांचे स्वतःचे नियम वाचलेलेच नसतात. म्हणून या लेखात कायद्यापेक्षा कामकाजाला जास्त जागा दिली आहे. न्यू जर्सीत मराठी वस्ती मोठी आहे, त्यामुळे उदाहरणं तिथल्या कोर्टाची घेतली आहेत. बाकी राज्यांत टप्पे तेच, स्थानिक नियम वेगळे.

आधी हा दावा आपला आहे का ते बघा

पहिली अट मुलाखतीची. मुलाखतच झाली नसेल तर हे कलम लागू होत नाही. तेव्हा मॅन्डेमसचा (सरकारी अधिकाऱ्याला त्याचं काम करायला लावा, अशी मागणी) आणि ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसीजर ॲक्टचा (सरकारी खात्यांच्या कारभाराचा कायदा) वेगळा दावा लावावा लागतो. त्यात १२० दिवसांसारखी ठरलेली मुदत नाही. उशीर अवाजवी आहे की नाही हे कोर्ट बहुधा १९८४ च्या ‘ट्रॅक’ निकालातल्या सहा निकषांवर ठरवतं, आणि ती लढाई बरीच अवघड आहे. ग्रीन कार्ड रखडलं, मुंबईच्या वकिलातीत व्हिसा अडकला, ही प्रकरणंही या कलमात बसत नाहीत.

दुसरी गोष्ट दिवस मोजण्याची. मुलाखतीचा दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून मोजायचं. मुलाखत १० मार्चला झाली असेल तर १२० वा दिवस ८ जुलै. म्हणजे ९ जुलैच्या आत दावा लावायचा नाही. एक दिवस जरी आधी लावला तरी सरकारी वकील ‘मुदतपूर्व दावा’ म्हणून तो काढून टाकायला सांगतात, आणि भरलेली फी परत मिळत नाही. वर आठवडाभर जाऊ दिला तर काही बिघडत नाही. दुसरी मुलाखत झाली असेल किंवा जादा कागद मागवले असतील, तर सरकार कधी कधी १२० दिवस उशिरा सुरू झाले असं म्हणतं. बहुतेक कोर्टांनी पहिल्या मुलाखतीची तारीख धरली आहे, तरी शक्य असेल तर नंतरच्या तारखेपासूनही १२० दिवस पूर्ण होऊ द्यावेत. वादाचा एक मुद्दा तरी कमी होतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तुमच्या अर्जात अडचण आहे की अर्ज नुसताच पडून आहे? अटक झाली असेल, मग केस नंतर मिटलेली का असेना, करभरणा बाकी असेल, सहा महिन्यांहून जास्त काळ भारतात राहणं झालं असेल, ग्रीन कार्ड ज्या नोकरीवर मिळालं तिथे कधी रुजूच झाला नसाल, तर स्वतः दावा लावू नका. कोर्टाला अर्जाचा निर्णय स्वतः करण्याचा अधिकार आहे, आणि दाव्याने सगळी फाइल पुन्हा बारकाईने तपासली जाते. अशा वेळी इमिग्रेशनचा वकील हवा, आणि तोही फेडरल कोर्टात केसेस चालवणारा. सगळेच इमिग्रेशन वकील तिथे उभे राहत नाहीत. पहिल्याच भेटीत विचारा.

दाव्याआधी यूएससीआयएसकडे ऑनलाइन चौकशी टाकणं, आपल्या भागाच्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयामार्फत विचारणा करणं, ही कायद्याची अट नाही. तरीही करा. त्यांची उत्तरं निशाणी, म्हणजे दाव्याला जोडलेला पुराव्याचा कागद, म्हणून लावता येतात आणि तुम्ही धीराने वाट पाहिली हे न्यायाधीशांना कागदावर दिसतं.

कोर्ट कोणतं आणि तिथे बसतं कोण

फेडरल व्यवस्थेत खटला पहिल्यांदा चालतो तो डिस्ट्रिक्ट कोर्टात. ही कोर्टं १७८९ च्या कायद्याने सुरू झाली आणि आज असे ९४ डिस्ट्रिक्ट आहेत. कॅलिफोर्निया, टेक्सास आणि न्यूयॉर्कमध्ये प्रत्येकी चार. न्यू जर्सी मात्र अख्खं राज्य मिळून एकच डिस्ट्रिक्ट, आणि त्याची कामकाजाची ठिकाणं तीन: नेवार्क, ट्रेंटन, कॅमडेन. राज्य सरकारच्या कोर्टांशी याचा संबंध नाही. काउंटीच्या सुपीरियर कोर्टात कागद घेऊन गेलात तर तिथून परत पाठवतील.

राहायला एडिसनला आणि नोकरी मॅनहॅटनला, असं असेल तर दावा न्यू जर्सीतच. कलमात राहण्याचं ठिकाण धरलं आहे, कामाचं नाही. मधल्या काळात घर बदललं असेल तर आज राहता ते डिस्ट्रिक्ट. आणि घर बदलल्यावर यूएससीआयएसला १० दिवसांत कळवावं लागतं, ते केलं होतं का हेही दाव्याआधी बघा.

तुमच्या केसवर दोन प्रकारच्या न्यायाधीशांची नावं येऊ शकतात आणि त्यांतला फरक समजून घेणं फायद्याचं आहे. डिस्ट्रिक्ट जजचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात, सिनेट मंजूर करते, आणि नेमणूक तहहयात असते. न्यू जर्सीच्या कोर्टात अशा न्यायाधीशांची १७ मंजूर पदं आहेत. मॅजिस्ट्रेट जज मात्र त्याच कोर्टातले डिस्ट्रिक्ट जज निवडतात, आणि पूर्णवेळ असेल तर मुदत ८ वर्षांची. आपल्याकडच्या मॅजिस्ट्रेटसारखे फक्त छोटे फौजदारी गुन्हे त्यांच्याकडे असतात असं समजू नका. तारखा, मुदतवाढ, तडजोडीच्या बैठका हे रोजचं कामकाज बहुधा तेच बघतात. दोन्ही बाजूंनी लेखी संमती दिली तर अंतिम निकालही तेच देऊ शकतात. याच बाकावरून वर गेलेले न्यायाधीशही आहेत. झाहिद कुरेशी २०१९ मध्ये न्यू जर्सीत मॅजिस्ट्रेट जज झाले आणि २०२१ मध्ये तिथेच डिस्ट्रिक्ट जज.

तिसरा शब्द दिसेल तो ‘सीनिअर जज’. वय किमान ६५, सेवा किमान १० वर्षं आणि दोन्हींची बेरीज ८० झाली की डिस्ट्रिक्ट जज हा दर्जा घेऊ शकतात. त्यानंतर त्यांच्याकडे कमी केसेस असू शकतात, अधिकार मात्र तेच राहतात. कोणाची नेमणूक कधी झाली, सीनिअर दर्जा कधी घेतला, हे फेडरल ज्युडिशिअल सेंटरच्या संकेतस्थळावरच्या चरित्रकोशात फुकट बघता येतं. मॅजिस्ट्रेट जज त्या कोशात नाहीत, त्यांची माहिती कोर्टाच्या संकेतस्थळावर मिळते.

केस कोणाकडे जाणार हे सोडतीसारखं ठरतं. न्यायाधीश निवडता येत नाही आणि तसा प्रयत्न करूही नये.

वादपत्र

वादपत्र म्हणजे कोर्टात दावा मांडणारा मुख्य कागद. तो तेरा-चौदा पानांचा लिहायची गरज नाही. फेडरल रूल्स ऑफ सिव्हिल प्रोसीजरचा नियम ८ ‘थोडक्यात आणि साधं’ निवेदन मागतो. या प्रकारच्या दाव्याला पाच-सहा पानं पुरतात. नियम १० प्रमाणे परिच्छेदांना क्रमांक द्यायचे आणि एका परिच्छेदात शक्यतो एकच घटना मांडायची. त्यामुळे सरकारी वकिलाला प्रत्येक परिच्छेदाला ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ असं उत्तर द्यावं लागतं, आणि तारखांचे बहुतेक परिच्छेद मान्य होतात.

क्रम असा ठेवा. आधी पक्षकार आणि त्यांचे पत्ते. न्यू जर्सीच्या स्थानिक नियम १०.१ प्रमाणे हे अगदी पहिल्या परिच्छेदात लागतं. मग अधिकारक्षेत्र: ८ यूएससी १४४७(बी), जोडीला २८ यूएससी १३३१. मग डिस्ट्रिक्ट हाच का, म्हणजे तुमचा राहण्याचा पत्ता. त्यानंतर तारखा: ग्रीन कार्ड कधी मिळालं, एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, कधी भरला, बायोमेट्रिक्स कधी झाले, मुलाखत कधी आणि कुठल्या कार्यालयात झाली, १२० वा दिवस कोणता होता, नंतर काय विचारणा केली आणि काय उत्तर आलं. मग पात्रतेच्या अटी एकेक करून कशा पूर्ण होतात ते. शेवटी मागणी: कोर्टाने सुनावणी घेऊन अर्ज मंजूर करावा, किंवा ठरावीक दिवसांत निर्णय देण्याची सूचना देऊन अर्ज परत पाठवावा. या मागणीत ‘३० दिवसांत’ असा आकडा घाला. बिनमुदतीची सूचना मिळाली तर तिचा उपयोग होत नाही.

प्रतिवादी म्हणून यूएससीआयएसचे संचालक, होमलँड सिक्युरिटीचे सचिव आणि ज्या कार्यालयात मुलाखत झाली तिथले फील्ड ऑफिस डायरेक्टर ही पदं पुरेशी असतात. सगळे अधिकृत पदाच्या नात्याने. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याला वैयक्तिक ओढू नका, त्यातून काही साधत नाही आणि समन्सची बजावणी किचकट होते.

नावाकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तिपेडी नाव. पासपोर्टवर पहिली दोन एकत्र, ग्रीन कार्डावर मधलं गायब, लग्नानंतर आडनाव एका ठिकाणी बदललेलं आणि दुसरीकडे नाही, असा घोळ बऱ्याच घरांत असतो. वादपत्राच्या शीर्षकात एन-४०० वर जे नाव आहे तेच अक्षरन् अक्षर लिहा. बाकीची रूपं एका परिच्छेदात ‘या नावानेही ओळख’ अशी नोंदवा.

नियम ५.२ प्रमाणे सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडेच ठेवायचे, जन्मतारखेचं फक्त वर्ष, मुलांची आद्याक्षरं, बँक खात्याचे शेवटचे चार आकडे. ए-नंबर, म्हणजे ग्रीन कार्डावर असलेला तुमचा इमिग्रेशन फाइलचा क्रमांक, तोही शेवटचे तीन आकडे सोडून झाका. निशाण्यांवर हे काळ्या मार्करने करून पान पुन्हा स्कॅन करा. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर कॉपी होतो. याच नियमात इमिग्रेशन लाभांच्या केसेसना एक संरक्षण आहे. तुमचे कागद घरबसल्या ऑनलाइन फक्त पक्षकार आणि त्यांचे वकील बघू शकतात, बाकीच्यांना कोर्टात जाऊनच ते बघावे लागतात. केसच्या नोंदींची यादी आणि न्यायाधीशांचे आदेश मात्र सगळ्यांना ऑनलाइन दिसतात. नाव गुप्त राहील या भरवशावर राहू नका.

निशाण्या मोजक्या: ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजू, एन-४०० ची पावती, मुलाखतीची नोटीस, एन-६५२, चौकशीची उत्तरं. एन-६५२ वर तारीख असते, त्यामुळे १२० दिवसांचा सगळ्यांत भक्कम पुरावा तोच. हरवला असेल तर मुलाखतीची नोटीस आणि ऑनलाइन खात्यातली नोंद जोडा.

शेवटच्या पानावर पेनाने सही, पत्ता, फोन, ईमेल. न्यू जर्सीत स्थानिक नियम ११.२ प्रमाणे ‘या विषयावर दुसरीकडे दावा सुरू नाही’ असं प्रमाणपत्रही लागतं. हे राहतंच.

आणि एक कळकळीची सूचना. वादपत्र लिहायला चॅटजीपीटीसारखं साधन वापरलंत तर त्याने दिलेला एकेक निकाल स्वतः शोधून, उघडून वाचा. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या सदर्न डिस्ट्रिक्टमध्ये न्यायाधीश केविन कॅस्टेल यांनी ‘माता विरुद्ध एव्हियान्का’ या केसमध्ये अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल करणाऱ्या वकिलांना आणि त्यांच्या फर्मला ५,००० डॉलर दंड केला. नियम ११ खालची सही वकिलाइतकीच तुम्हालाही बांधते. या दाव्याला खरं तर निकालांची रास लागतच नाही, कलम स्वतः पुरेसं स्पष्ट आहे.

दाखल करणं

वादपत्र आणि निशाण्यांसोबत तीन गोष्टी लागतात.

जेएस ४४ हा सिव्हिल कव्हर शीट. यात अधिकारक्षेत्राच्या चौकटीत ‘अमेरिकन सरकार प्रतिवादी’ निवडा, दाव्याच्या प्रकारात ४६२ म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, मूळ दावा म्हणून १, आणि ज्यूरीची मागणी ‘नाही’. ४६५ हा इतर इमिग्रेशन प्रकरणांचा आकडा आहे, चुकून त्यावर खूण होते.

एओ ४४० हे समन्स. प्रत्येक प्रतिवादीसाठी एक, शिवाय यूएस ॲटर्नी (त्या डिस्ट्रिक्टमधले फेडरल सरकारचे मुख्य वकील) आणि ॲटर्नी जनरल (देशाच्या न्याय खात्याचे प्रमुख) यांच्यासाठी.

फी ४०५ डॉलर. त्यातले ३५० कायद्याने ठरलेले आणि ५५ प्रशासकीय. उत्पन्न अगदीच कमी असेल तर फीमाफीचा अर्ज करता येतो, पण पगारदार कुटुंबाला ती क्वचितच मिळते.

कागद प्रत्यक्ष नेऊन किंवा टपालाने देता येतात. नेवार्कला क्लार्कचं कार्यालय वॉलनट स्ट्रीटवरच्या मार्टिन ल्यूथर किंग इमारतीत आहे. वकील नसलेल्यांना ऑनलाइन दाखल करू देतात की नाही हे प्रत्येक डिस्ट्रिक्टचं वेगळं असतं, संकेतस्थळावर ‘प्रो से’ या शीर्षकाखाली बघा. प्रो से म्हणजे वकिलाविना स्वतः उभा असलेला पक्षकार. तिथेच ईमेलने नोटिसा मिळण्याचा संमतीअर्ज असतो, तो पहिल्याच दिवशी भरा. नाहीतर आदेश टपालाने येतील आणि मुदतीतले चार-पाच दिवस वाटेतच जातील. क्लार्कच्या खिडकीवरची माणसं फॉर्म कुठला ते सांगतात, काय लिहावं ते सांगत नाहीत. तसं सांगायची त्यांना मनाई असते, त्यामुळे राग मानू नये.

समन्सची बजावणी

निम्म्याहून जास्त घोटाळे इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

क्लार्क समन्सवर सही-शिक्का करून देतो. त्यानंतर ते पोहोचवणं ही तुमची जबाबदारी, कोर्टाची नाही. सरकारविरुद्धच्या दाव्यात नियम ४(आय) लागतो आणि तो तीन ठिकाणी बजावणी मागतो. एक, त्याच डिस्ट्रिक्टच्या यूएस ॲटर्नीचं कार्यालय. तिथे समन्स आणि वादपत्र प्रत्यक्ष द्यायचं, किंवा ‘सिव्हिल प्रोसेस क्लार्क’च्या नावाने रजिस्टर्ड किंवा सर्टिफाइड टपालाने पाठवायचं. दोन, वॉशिंग्टनला ॲटर्नी जनरल, ९५० पेन्सिल्व्हेनिया अव्हेन्यू एनडब्ल्यू, २०५३०. तीन, प्रत्येक प्रतिवादी अधिकारी आणि खातं, त्यांच्या कायदा विभागाच्या पत्त्यावर. हे पत्ते बदलत असतात, पाठवायच्या दिवशी खात्याच्या संकेतस्थळावरून घ्या. तिन्हींपैकी एक जरी राहिलं तरी बजावणी अपुरी.

ही बजावणी तुम्ही स्वतः करायची नाही. नियमाप्रमाणे ती १८ वर्षांवरच्या आणि पक्षकार नसलेल्या माणसाने करायची. टपालाने पाठवतानाही हेच पाळावं. पाकिटं पोस्टात नेणारी व्यक्ती नवरा, बायको, शेजारी, मित्र कोणीही चालेल, फक्त वादी नको. दोघा नवरा-बायकोचा एकत्र दावा असेल तर तिसरा माणूस शोधा. त्याच व्यक्तीने नंतर बजावणीचं शपथपत्र सही करायचं: कोणत्या तारखेला, कोणत्या पोस्टातून, कोणाला, काय पाठवलं.

सर्टिफाइड टपालासोबत हिरवी पोचपावती घ्या आणि प्रत्येक पाकिटाचा क्रमांक वहीत टिपून ठेवा. सरकारी कार्यालयांत टपाल आधी तपासणीला जातं, त्यामुळे हिरवं कार्ड परत यायला आठवडे लागू शकतात, कधी सहीऐवजी नुसता शिक्का येतो. पोस्टाच्या संकेतस्थळावरची पोहोचल्याची नोंद त्याच आठवड्यात छापून ठेवा. नंतर ती नोंद निघून जाते.

सगळं मिळून ९० दिवसांत व्हायला हवं, नाहीतर नियम ४(एम) खाली दावा काढून टाकला जाऊ शकतो. शपथपत्र, पोस्टाच्या पावत्या, पोहोचल्याच्या नोंदी एकत्र करून कोर्टात दाखल करा. हे दाखल केलं नाही तर न्यायाधीशांच्या दृष्टीने बजावणी झाल्याचं कागदावर काहीच नसतं.

सरकारला उत्तर द्यायला ६० दिवस मिळतात. ते मोजायचे यूएस ॲटर्नीच्या कार्यालयावर बजावणी झाल्यापासून, दावा लावल्यापासून नाही. म्हणून ते पाकीट सर्वांत आधी, शक्यतो हातोहात.

केस नंबर आला की न्यायाधीशांचं पान उघडा

नंबर साधारण असा दिसतो: २:२५-सीव्ही-०१२३४-एबीसी-डीईएफ. पहिला आकडा कामकाजाच्या ठिकाणाचा. न्यू जर्सीत १ कॅमडेन, २ नेवार्क, ३ ट्रेंटन. मग वर्ष. सीव्ही म्हणजे दिवाणी, सीआर असता तर फौजदारी. मग अनुक्रमांक. शेवटची दोन आद्याक्षरं डिस्ट्रिक्ट जज आणि मॅजिस्ट्रेट जज यांची. ही आद्याक्षरं मिळाली की त्याच दिवशी कोर्टाच्या संकेतस्थळावर त्या दोघांची पानं उघडा.

फेडरल कोर्टात नियमांचे तीन थर आहेत. सगळ्या देशाला लागू असलेले फेडरल रूल्स, त्या डिस्ट्रिक्टचे लोकल रूल्स, आणि त्यांच्याही खाली त्या एका न्यायाधीशांची पद्धत. तिला कुठे ‘स्टँडिंग ऑर्डर’, कुठे ‘ज्युडिशिअल प्रेफरन्सेस’, न्यूयॉर्कच्या सदर्न डिस्ट्रिक्टमध्ये ‘इंडिव्हिज्युअल रूल्स अँड प्रॅक्टिसेस’ म्हणतात. वकिलांची सगळ्यांत जास्त धावपळ या तिसऱ्या थरामुळे होते आणि नवख्या माणसाला तो असतो हेच माहीत नसतं. एकाच मजल्यावरच्या दोन न्यायाधीशांकडे दोन वेगळे कायदे चालत नसले, तरी दोन वेगळ्या शिस्ती चालतात.

त्या पानावर या गोष्टी शोधा. मोशन, म्हणजे न्यायाधीशांकडे आदेश मागणारा अर्ज, करण्याआधी तीन पानी पत्राने परवानगी मागावी लागते का. मुदतवाढ किती दिवस आधी मागायची आणि समोरच्याची संमती आहे की नाही ते त्यात लिहायचं का. छापील जादा प्रत चेंबर्सकडे, म्हणजे न्यायाधीशांच्या कार्यालयाकडे, पाठवायची का. पानांची मर्यादा किती. एआय वापरलं असेल तर तसं जाहीर करायला सांगितलं आहे का, कारण २०२३ पासून बऱ्याच न्यायाधीशांनी असे आदेश काढले आहेत. प्रो से पक्षकारांसाठी वेगळा परिच्छेद आहे का. सापडलेलं सगळं एका कागदावर उतरवून संगणकापाशी लावा.

नॉर्दर्न डिस्ट्रिक्ट ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे सॅन होजे-फ्रीमाँटच्या मंडळींकडे, केस सुरुवातीलाच मॅजिस्ट्रेट जजकडे सोपवली जाऊ शकते आणि कोर्ट संमती किंवा नकाराचा फॉर्म मागतं. तो मुदतीत भरा. नकार दिला म्हणून कोणी आकस धरत नाही. संमती दिली तर अशा लहान दाव्यात सहसा वेळ वाचतो, कारण डिस्ट्रिक्ट जजपुढे फौजदारी खटल्यांची रांग असते आणि त्यांना कायद्याने प्राधान्य द्यावं लागतं.

न्यायाधीशांशी बोलायचं ते फक्त दाखल केलेल्या कागदांतून, आणि त्याची प्रत सरकारी वकिलाला देऊनच. चेंबर्सला फोन करून आपली कहाणी सांगायची नाही, न्यायाधीशांना ईमेल करायचा नाही, लिंक्डइनवर शोधायचं नाही. न्यू जर्सीच्या कोर्टाने या बाबतीत फार मोठी किंमत मोजली आहे. जुलै २०२० मध्ये न्यायाधीश एस्थर सालास यांच्यापुढे एक केस चालवलेला वकील त्यांच्या घरी पोहोचला आणि त्याने त्यांच्या मुलाला, डॅनिएलला, गोळ्या घालून मारलं. त्यानंतर २०२२ मध्ये डॅनिएलच्या नावाने फेडरल न्यायाधीशांची खाजगी माहिती जपणारा कायदा झाला. न्यायाधीशांची माहिती काढायची ती त्यांच्या कामकाजाच्या पद्धतीपुरती, याचं भान ठेवा.

केसवर नजर ठेवायला पेसर नावाची सरकारी प्रणाली आहे. पानाला १० सेंट, एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांचं बिल ३० डॉलर किंवा त्याहून कमी असेल तर माफ. एकाच केससाठी सहसा काहीच द्यावं लागत नाही. त्याच न्यायाधीशांसमोरच्या ४६२ प्रकारच्या जुन्या केसेसच्या नोंदी आणि आदेश वाचा. सरकारने किती मुदतवाढ मागितली, न्यायाधीशांनी किती दिली, केस कशी मिटली, हे तिथे उघड दिसतं. कोणत्याही सल्ल्यापेक्षा हा तासभर जास्त शिकवतो.

६० दिवसांत काय घडतं

बहुतेक वेळा खरी हालचाल कोर्टाबाहेर होते. केस एका असिस्टंट यूएस ॲटर्नीकडे जाते, ते यूएससीआयएसला फाइल काढायला लावतात. काही आठवड्यांत तुम्हाला त्यांचा ईमेल येतो. सभ्यपणे, लगेच आणि लेखी उत्तर द्या. ही व्यक्ती तुमची शत्रू नाही. तिलाही केस लवकर मिटायला हवी असते.

ईमेलमध्ये बहुधा दोनपैकी एक मागणी असते. पहिली मुदतवाढीची. न्यू जर्सीत उत्तरासाठी एकदा १४ दिवसांपर्यंतची वाढ क्लार्ककडूनच मिळते, त्याला अडवण्यात अर्थ नाही. त्यापुढची वाढ मागितली तर बदल्यात काहीतरी मागा, उदाहरणार्थ निर्णयाची तारीख.

दुसरी मागणी संमतीने अर्ज परत पाठवण्याची. नाइन्थ सर्किटने २००४ मध्ये आणि सेकंड सर्किटने २००९ मध्ये (सर्किट म्हणजे डिस्ट्रिक्ट कोर्टांच्या वरचं अपील कोर्ट) असं ठरवलं आहे की १४४७(बी) चा दावा लागला की अर्जाचा ताबा कोर्टाकडे जातो, आणि कोर्टाने परत पाठवल्याशिवाय यूएससीआयएसला निर्णय देता येत नाही. त्यामुळे मंजुरीची तयारी झाली तरी मध्ये ही पायरी लागते. सरकारी वकील मसुदा पाठवतात. त्यात दोन ओळी आहेत का बघा: निर्णय किती दिवसांत द्यायचा, आणि तो झाला नाही तर कोर्टाचा ताबा कायम राहील. या ओळी नसतील तर घालून परत पाठवा. ‘आधी दावा मागे घ्या, मग बघतो’ एवढ्यावर सही करू नका. निर्णय पुन्हा अडकला तर नव्याने ४०५ डॉलर, नवा नंबर आणि पुन्हा पहिल्यापासून तिन्ही पाकिटं.

सरकारने दावा काढून टाकण्याचा मोशन केला तर विरोधाची मुदत फार थोडी असते. न्यू जर्सीत विरोध मोशन डेच्या, म्हणजे मोशन विचारात घेण्यासाठी ठरलेल्या दिवसाच्या, किमान १४ दिवस आधी लागतो. मोशन हातात आल्या दिवशी कॅलेंडरवर उलट मोजा. विरोधात भावनेपेक्षा तीन तारखा पुन्हा मांडा: मुलाखत, १२० वा दिवस, दावा दाखल.

६० दिवस उलटून सरकार गप्प राहिलं, तर आपण जिंकलो असं समजू नका. नियम ५५(डी) प्रमाणे सरकारविरुद्ध नुसत्या गैरहजेरीवर निकाल मिळत नाही, पुराव्याने हक्क दाखवावा लागतो. अशा वेळी आधी स्वतःची बजावणी तपासा. गप्प राहण्याचं कारण बहुतेकदा न पोहोचलेलं पाकीट असतं.

या काळात घर बदललं तर न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे ७ दिवसांत कोर्टाला लेखी कळवायचं. कोर्टाचं टपाल परत गेलं तर चांगला दावाही बंद पडू शकतो. यूएससीआयएसला कळवलं म्हणजे कोर्टाला कळलं असं होत नाही.

अर्ज नामंजूर झाला तर ३० दिवसांत एन-३३६ भरून यूएससीआयएसकडेच फेरसुनावणी मागायची. तिथेही नकार आला तर पुढच्या १२० दिवसांत पुन्हा याच डिस्ट्रिक्ट कोर्टात जाता येतं. त्या वेळी न्यायाधीश सगळा अर्ज नव्याने तपासतात. ती केस मात्र वकिलाशिवाय लढवू नये.

मंजुरीनंतरची कामं

मंजुरी मिळाली की शपथविधीची नोटीस येते. नाव बदलायचं असेल, वडिलांचं नाव मधल्या जागी नीट बसवायचं असेल, तर ते फक्त कोर्टाच्या शपथविधीत न्यायाधीशांच्या आदेशाने होतं. यूएससीआयएसच्या कार्यालयातल्या शपथविधीत नाव बदलत नाही. एन-४०० मध्ये नावबदल मागितला असेल तर सरकारी वकिलाला मसुद्याच्या वेळीच सांगा, म्हणजे शपथ कोर्टात ठेवली जाईल. यासाठी जास्त थांबावं लागू शकतं. घाई असेल तर आहे त्या नावाने शपथ घेऊन नंतर राज्याच्या कोर्टातून नाव बदलता येतं.

प्रमाणपत्र हातात पडल्यावर सभागृहातून बाहेर पडण्याआधी नाव, जन्मतारीख आणि देश वाचा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. नंतर एन-५६५ भरावा लागतो. भारतीय पासपोर्ट परत करणं आणि ओसीआय काढणं या दोन्हींना हेच नाव लागणार आहे.

सरकारचं उत्तर अजून दाखल झालेलं नसेल, तर नियम ४१(ए) खाली एक पानी नोटीस देऊन दावा तुम्ही स्वतः मागे घेऊ शकता, न्यायाधीशांच्या आदेशाची गरज नाही. उत्तर दाखल झालं असेल तर दोन्ही बाजूंच्या सह्यांचा कागद लागतो. शपथ झाल्यावरच हे करा, आणि केस बंद झाल्याची नोंद पेसरवर दिसली की तिची प्रत प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये ठेवा.